सात नंबरची कवळी

आमच्याकडे कवळ्या होतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, त्यावर मेणाची हिरडी घडवतो आणि मेणात एकेक दात बसवतो. मग मेण जाऊन गुलाबी प्लास्टिक येतं आणि घासूनपुसून कवळी डबीत बसते. ज्याने केली त्याने तिच्या मागच्या कडेला, जिभेला लागणार नाही अशा जागी, सुईच्या यंत्राने आपला आकडा कोरायचा आणि कवळीच्या कामाच्या कार्डावरही तोच लिहायचा. कवळी बोचली, हलली, परत आली, की मालक भिंग लावून आकडा बघतात आणि त्या माणसाला आत बोलावतात. माझा आकडा सात. इथे मला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे सातच म्हणतात.

मावशींना आकडा नव्हता. मावशी माझ्या टेबलावर, माझ्या डाव्या हाताला बसायच्या. त्या लागल्या होत्या ट्रे धुवायला. मापाच्या ट्रेमधलं वाळलेलं प्लास्टर खरवडायचं, मेण वितळवायचं, फरशी पुसायची. कागदावर हुद्दा मदतनीस. मग एकदा तेव्हाचा सात नंबरवाला न सांगता सोडून गेला आणि मालकांनी मावशींना म्हटलं, दोन दिवस जरा बसा त्याच्या जागी. त्या दोन दिवसांची अठरा वर्षं झाली. दात बसवायचे त्या, आणि टेबलाचा आकडा सात म्हणून सात कोरायच्या.

मावशी टेबलावर बसल्या त्यानंतर दोन वर्षांनी मी आलो. आकडा मला मिळाला, टेबलाची खिडकीकडची बाजू मला मिळाली, आणि काम मावशींनी शिकवलं. मेण किती गरम, दात किती बुडवायचा, दाढ कुठे टेकली पाहिजे. माझे पहिले दोन महिने सगळे दात भिंतीसारखे सरळ रांगेत उभे. मावशी म्हणाल्या, "अरे, हे तोंड आहे की कवायत?" त्या डॉक्टरांकडून रोग्याचा तरुणपणचा फोटो मागवायच्या आणि फोटोत दात जसा असेल तसा बसवायच्या, थोडा कललेला, थोडा आत. त्यांची कवळी घालून माणूस हसला की घरच्यांना तो ओळखू यायचा. माझ्या कवळ्यांनी नीट चावता यायचं, एवढंच म्हणेन.

मी आल्यावरही मावशी सातच कोरत राहिल्या. एकदा त्यांनी मालकांना वेगळा आकडा मागितला होता. मालक म्हणाले, "कशाला डोक्याला ताप, मावशी? कवळी परत आली तर बोलणी सात खाईल. तुम्ही सुखात राहा." आम्हाला ती मेहेरबानी वाटली. मावशींच्या कवळ्या परत येतच नव्हत्या, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पण महिन्याला सात नंबराच्या नावावर सगळ्यांच्या दुप्पट कवळ्या निघायच्या, आणि त्या आकड्यावर मी पाच वर्षांत वरिष्ठ कारागीर झालो. हे मात्र माझ्या ध्यानात होतं.

पगार बंद पाकिटातून मिळायचा. पुरुषाला पगार आणि बाईला वय विचारू नये, हा मालकांचा आवडता विनोद. दर महिन्याला तो व्हायचा आणि दर महिन्याला आम्ही हसायचो.

मावशी एका खोलीत राहायच्या. खोली भाड्याची, पण वीस वर्षांची. नवरा तिथेच गेला, मुलगी तिथूनच सासरी गेली. घरमालकाला ती इमारत विकायची होती. भाडेकरूंना आधी विचारतो म्हणाला, सहा महिन्यांची मुदत दिली. मावशींनी पतपेढीत कर्जाचा अर्ज केला आणि मला म्हणाल्या, "सात, जामीन राहशील?" मी लगेच हो म्हणालो. मला तेव्हा चांगलं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

पतपेढीच्या कारकुनाने दोघांचे पगाराचे दाखले मागितले.

"दोघं एकाच ठिकाणी का?"

"एकाच टेबलावर," मावशी म्हणाल्या.

"काम काय?"

"एकच. दात बसवायचे."

त्याने दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले. माझा पगार मावशींच्या दुपटीहून थोडा जास्तच होता. कारकून म्हणाला, "मग बाई, तुमच्या दाखल्यात टायपिंगची चूक आहे. या पगारावर खोलीएवढं कर्ज बसणार नाही. दुरुस्त करून आणा."

"चूक नाही ती," मी म्हणालो.

मावशींनी दाखला उचलला, डोळ्यांजवळ धरून वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. बसमध्ये त्या खिडकीकडे बसल्या. त्या रडतील किंवा मला काही बोलतील अशी मी वाट बघत होतो. उतरताना त्या म्हणाल्या, "दुपारच्या मापांचं प्लास्टर काढायचं राहिलंय." आम्ही जाऊन ते काढलं.

दुसऱ्या दिवशी त्या मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. मालक म्हणाले, "मावशी, तो कारागीर आहे, तुम्ही मदतनीस. पगार हुद्द्यावर असतो. आणि तुम्ही काय परक्या आहात का?" मावशी म्हणाल्या, "घरची असले तर मग अजूनच वाईट." त्या आवाज न चढवता बोलल्या आणि बाहेर येऊन बसल्या. त्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या कामगार कार्यालयात जाऊन आल्या.

तिथल्या अधिकारी बाईंनी त्यांना सांगितलं ते मावशींनी मला जेवणाच्या सुट्टीत जसंच्या तसं सांगितलं. काम सारखं असेल तर बाई म्हणून किंवा हुद्द्याचं नाव वेगळं म्हणून पगार कमी देता येत नाही. आपला पगार दुसऱ्याला सांगणं हा गुन्हा नाही. तक्रार केली म्हणून कामावरून काढता येत नाही. हुद्द्याला नाव काय द्यायचं ते मालक ठरवतो, पण काम काय आहे ते आम्ही बघतो. "फक्त ते काम मी करते, हे दिसलं पाहिजे," मावशी म्हणाल्या. "कार्डांवर तर सगळीकडे सातच आहे. तू सांगशील ना?"

मी म्हटलं, सांगेन.

मावशींनी तक्रार दिली. सुनावणी एका लांबट खोलीत झाली. पंखा होता, पाण्याचा जग होता, टेबलावर आमची कामाची कार्डं गठ्ठा बांधून ठेवली होती. एका बाजूला मालक, एका बाजूला मावशी, मी मधल्या खुर्चीवर. अधिकारी बाईंनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"हा सात नंबर तुमचा. यातल्या कवळ्या तुम्ही एकट्याने केल्या?"

"मावशी मदत करायच्या."

"मदत म्हणजे काय? पूर्ण कवळ्या त्यांनी किती केल्या? अंदाजे सांगा. अर्ध्या? नीट सांगितलंत तर त्यांना योग्य पगाराचा दाखला द्यायला मी आजच सांगू शकते."

मालक माझ्याकडे बघतही नव्हते. ते घड्याळ बघत होते. अर्ध्या म्हटलं असतं तर माझं वरिष्ठपण अर्धं मावशींचं ठरलं असतं. ते काढून घेतील, मागचंही वसूल करतील, असं मला वाटलं. मुलांच्या फिया आठवल्या, म्हणजे मी त्या मुद्दाम आठवल्या.

"नक्की लक्षात नाही," मी म्हणालो.

बाईंनी ते लिहून घेतलं. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. जिन्यात मावशी माझ्या दोन पायऱ्या पुढे होत्या. मला लाज वाटायला हवी होती. मला काहीच वाटलं नाही. बधिर केलेल्या हिरडीवर बोट ठेवलं की आपल्याला कळतं बोट आहे, पण लागत नाही, तसं होतं.

मालकांनी मावशींना काढलं नाही. मदतनीस आहात ना, मग मदतनीसाचं काम करा, म्हणून त्यांना परत ट्रे धुवायला पाठवलं. चार महिने त्या मोरीशी उभ्या राहून प्लास्टर खरवडत होत्या. मी एकटा टेबलावर. सात नंबराच्या कवळ्या निम्म्याच्याही खाली आल्या, आणि त्यातल्याही परत यायला लागल्या. मालक भिंग लावून बघायचे आणि डबी माझ्यासमोर ठेवायचे. आम्ही दोघंही मूग गिळून होतो. मी धुतलेले ट्रे आणायला गेलो की मावशी विचारायच्या, "खालची दाढ उंच ठेवलीस का?" मी ठेवलेली असायची.

त्याच महिन्यांत मुदत संपली आणि खोली दुसऱ्या कोणी घेतली. मावशी लांब राहायला गेल्या, दोन बस बदलून यायला लागल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही. रोज अर्धा तास आधी निघतात म्हणून मी विचारलं, तेव्हा कळलं.

आता माझ्या आईचं. तिची कवळी सहा वर्षांपूर्वी आमच्याकडेच झाली. मावशींनी केली. आईचा लग्नाच्या वेळचा फोटो मागून घेतला आणि पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढवले, होते तसे. मागे सात कोरला. आईने तो आकडा वाचला आणि तेव्हापासून येईल त्याला सांगते, माझ्या मुलाने केलेत. मी ते कधी खोडलं नाही. दुसऱ्या तारखेच्या दोन दिवस आधी मी घरी आलो तर ती शेजारणीला तेच सांगत होती, कवळी काढून, उलटी करून आकडा दाखवत होती. शेजारीण म्हणाली, "तुमचं नशीब. नाहीतर चणे आहेत तर दात नाहीत." दोघी हसल्या. मी बूट काढत दाराशीच उभा राहिलो.

शेजारीण गेल्यावर मी आईला म्हणालो, "ती मी नाही केलेली." आणि सगळं सांगितलं, लक्षात नाही म्हणालो तेसुद्धा. आईने कवळी वाटीतल्या पाण्यात टाकली. मग तिने एवढंच विचारलं, "मग तू काय केलंस?"

दुसऱ्या सुनावणीला मी आईची कवळी डबीत घालून घेऊन गेलो. अधिकारी बाईंसमोर उघडून ठेवली. म्हटलं, "आकडा माझा आहे, दात यांनी बसवलेत. कार्डांमधल्या निम्म्याहून जास्त यांच्याच आहेत. त्यांना ट्रेवर पाठवल्यानंतरची कार्डं मोजा, तुम्हालाच दिसेल." बाईंनी ती मागवली आणि मोजली. मालक म्हणाले, हे दोघं संगनमताने बोलतायत. बाई म्हणाल्या, "चार महिन्यांपूर्वी बोलले असते तर मला तसं वाटलं असतं."

हुकूम निघाला. मावशींना कारागिराचा हुद्दा, माझ्याइतका पगार, तक्रारीच्या तारखेपासून. त्याआधीच्या वर्षांच्या फरकासाठी अजून तारखा पडतायत. मी बाईंना विचारलं, माझं किती कापणार? त्यांनी वर पाहिलं. "तुमचं का कापतील? एकाचा वाढवायचा म्हणून दुसऱ्याचा कमी करता येत नाही. कापतात असं तुम्हाला कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या तारखेला मी विचारलंही नव्हतं.

आईची कवळी पुरावा म्हणून फाईलीत राहिली. आई महिनाभर मऊ भात खात होती. नवी करायला मावशींनी स्वतः माप मागवून घेतलं, फोटो त्यांना लागला नाही. त्यांना आता आकडा मिळाला होता, अकरा. अकरा नंबराची ती पहिली कवळी. घासून चकचकीत झाल्यावर त्यांनी यंत्राला सुई लावली, कवळी उलटी धरली, आकडा कोरला आणि फुंकर मारली. मग नुसत्या बघत बसल्या. मी वाकून पाहिलं. सात होता.

"हात गेला सवयीने," त्या म्हणाल्या.

"द्या, मी घासून काढतो."

त्यांनी दिली नाही. स्वतः घासली. चिमूटभर गुलाबी पूड टेबलावर पडली, ती त्यांनी हाताच्या कडेने पुसली आणि त्या जागी अकरा कोरला. डबी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आईंना सांग, कुणी केली ते."

"जुनी कुणी केली तेही सांगितलंय."

"काय म्हणाल्या?"

"मग तू काय केलंस, म्हणाली."

मावशींनी मान हलवली. खोली आता कोणाकडे आहे, ते मी विचारणार होतो. पण त्यांनी पुढचं माप पुढे ओढलं आणि प्लास्टर कालवायला घेतलं.