भूगोलाच्या बाईंची मान

कोणी हाक मारली की आमच्या भूगोलाच्या बाई नुसती मान वळवत नसत. पायांपासून सगळ्याच्या सगळ्या वळत. तुम्हीही पाहिलं असतं तर आमच्यासारखंच म्हणाला असता, केवढा हा तोरा!

तोरा नव्हता. विश्रांतवाडीच्या सिग्नलला त्यांच्या स्कूटरला मागून मोटारीने धडक दिली होती. डोक्यावर हेल्मेट होतं, तपासण्या ठीक आल्या, आणि आठवड्याने बाई येरवड्याच्या आमच्या शाळेत हजर झाल्या. पण चार महिने उलटले तरी डोकं दुखायचं थांबेना. फळ्यावर लिहून वर्गाकडे वळलं की भोवळ यायची. पेपर तपासताना अक्षरं हलायची.

"पण रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?" असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "रिपोर्ट आहेत. मी नाही."

शिक्षक-खोलीत कुजबुज सुरू झाली. नेमकी क्रीडादिनालाच कशी भोवळ येते? रजेच्या दिवशी भाजी घेताना दिसल्या म्हणे. मी पर्यवेक्षिका. खरं सांगते, संशय मलाही होता.

बाईंचा संशय डॉक्टरांवर. एकाने गोळ्या दिल्या, दुसऱ्याने मानेला पट्टा, तिसऱ्याने "ताण घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. तेव्हापासून बाई प्रत्येक दवाखान्याची पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. एका दारातून तर परतच फिरल्या. "अहो, मान, पाठ, केस आणि त्वचा! सगळं एकाच माणसाकडे?"

शेवटी त्यांनी एका मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. "सोबत जा. आणि खरं काय ते बघून या."

मी गेले.

डॉक्टर कमी बोलणारे होते. बाईंनी आधी त्यांचीच परीक्षा घेतली. "माझ्यासारखे पेशंट तुम्ही पाहिलेत?"

"बरेच," ते म्हणाले, आणि डोळ्यांसमोर बोट हलवू लागले. मग त्यांनी पावलं जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. दोन क्षण बाई ताठ होत्या. मग माझ्या बाजूला कलल्या त्या कलतच गेल्या. मी दोन्ही हातांनी धरलं. त्यांची पाठ घामाने भिजली होती, बोटं गार पडली होती. असं सोंग कोणाला आणता येत नाही.

"डोक्याला मार लागल्यावर तोल आणि मान अशी बिघडू शकते," डॉक्टर म्हणाले. "स्कॅनमध्ये दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही. व्यायामाने सुधारेल, वेळ लागेल. इतके दिवस कोणाला सांगितलं नाहीत?"

"सगळ्यांना सांगितलं," बाई म्हणाल्या. "यांनासुद्धा."

परतताना रिक्षात त्या सगळ्याच्या सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग विचारलं, "मोठ्या बाईंना काय सांगणार?"

म्हणजे मला कशाला पाठवलंय ते त्यांना ठाऊक होतं.

"पाहिलं ते," मी म्हणाले. आणि तसंच सांगितलं. त्यांचं मैदानावरचं काम बंद झालं. फिजिओथेरपी सुरू झाली. हळूहळू भोवळ कमी झाली, डोकेदुखी मात्र अधूनमधून राहिली. वर्ष संपताच त्यांनी बिबवेवाडीला बिऱ्हाड हलवलं आणि तिथलीच शाळा धरली.

शेवटच्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले. "आता कसं वाटतंय, बाई?"

त्या माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. "कोण विचारतंय? तुम्ही, की शाळा?"

"मी."

बाहेर रिक्षा थांबलेली होती. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. मी रिक्षावाल्याला थांबायची खूण केली.