खंडेरावचा धाकटा भाऊ

खंडेराव स्पर्धा परीक्षांचा नाद सोडून गुरुग्रामला नोकरीला लागला, पण दिल्लीत मुनिरकातली भाड्याची खोली त्याने सोडली नाही. नवा करार केला की मालक भाडं वाढवतो. म्हणून जुना करार तसाच ठेवायचा आणि गावाकडून येणाऱ्या पोराला आत घ्यायचं, ही आम्हा मराठी पोरांची रीत. हुशारी समजायचो आम्ही तिला!

करारात पोटभाडेकरूला मनाई होती. गावाकडून परीक्षांच्या तयारीला नव्याने आलेल्या प्रतीकला खोली देताना खंडेरावने मालकाला सांगून टाकलं, "मेरा छोटा भाई है." आणि प्रतीकला बजावलं, "मालकाशी बोलत बसू नकोस. आपलं बिंग फुटेल."

प्रतीकने ते तंतोतंत पाळलं. डेंग्यूने फणफणला, तरी खालच्याच मजल्यावर राहणाऱ्या मालकाचं दार त्याने वाजवलं नाही.

दार तोडलं तेव्हा फार उशीर झाला होता. खोली खंडेरावच्या नावावर, म्हणून फोन त्यालाच गेला. म्हातारा मालक रडत होता, "अरे, एक आवाज तो देता! नीचे गाड़ी खड़ी थी."

पोलिसांनी नातं विचारलं. खंडेराव म्हणाला, "भाई नहीं है. मैंने रखा था. जिम्मेदारी मेरी है."

दुसऱ्या दिवशी प्रतीकचे वडील लातूरहून आले. खंडेराव त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तूच का खंडेराव? फोनवर म्हणायचा तो, काळजी करू नका बाबा, इथं मला मोठा भाऊ आहे."