चाक फिरवू नका

दुसऱ्याच्या डोळ्यांची इतकी चौकशी करणारा माणूस आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नसेल. डोळ्यांचे डॉक्टर करतात, पण ते पेशंट समोर बसल्यावर. माझ्या बायकोचे मामा लोणखेड्यात ओट्यावर बसून सुरतेच्या, इंदूरच्या, कधीही न पाहिलेल्या माणसांचे डोळे तपासतात, आणि तेही त्या माणसांनी विकून टाकलेल्या कॅमेऱ्यातून. मामा कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. मामांनी जुने, फोटोग्राफर लोकांनी वापरून झालेले भारीतले डिजिटल कॅमेरे घ्यायला सुरुवात केली. नवा कॅमेरा त्यांना कोणी फुकट दिला तरी ते घेणार नाहीत. "नवामा काय शे? त्यामा कोनीच ऱ्हायेल नही," असं ते रिकाम्या घराबद्दल बोलावं तसं म्हणतात.

जुना कॅमेरा घेणारा शहाणा माणूस आधी विचारतो, की याच्यावर आतापर्यंत किती फोटो निघालेत. मामा विकण्याचं कारण विचारतात, "का इकी ऱ्हायनात?" आणि उत्तर काहीही आलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं: "पुसू नका, चाक फिरवू नका, जसा शे तसाच धाडा." हे चाक म्हणजे कॅमेऱ्यात डोळा लावून पाहायची जी खिडकी असते, तिच्या शेजारचं हरभऱ्याएवढं बारीक चाक. ज्याच्या डोळ्याला नंबर आहे त्याने ते फिरवून ती खिडकी आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायची असते. एकदा जुळवलं की मालक ते विसरून जातो, आणि कॅमेरा विकला की त्याच्यासोबत स्वतःचा डोळाही विकतो. घेणाऱ्याला मग सगळं धुरकट दिसतं. जितकं धुरकट, तितका पहिल्या मालकाचा डोळा बिघडलेला. आपण पटकन चाक फिरवून मोकळे होतो. मामा मात्र सात दिवस ते तसंच ठेवतात आणि रोज सकाळी त्यातून समोरच्या केळीच्या बागेकडे बघत बसतात. "पाव्हना शे, त्याले लगेच कसा काढू?" सात दिवस झाले की चाक आपल्या डोळ्याला लावायचं, हा त्यांचा नियम.

एकदा सुरतेच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा आला. तिसऱ्याच दिवशी मामांनी त्याला फोन लावून आपल्या गुजरातीत सांगितलं, की भाई, कॅमेरो सारो छे, पण तमारी आंख बतावी दो. त्याला वाटलं, हा म्हातारा आता पैसे परत मागणार. तो दहा मिनिटं भांडला, आणि मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. चष्म्याचा नंबर दुप्पट झाला होता, आणि तो बिचारा रात्रीची गाडी चालवत वरातीमागून हिंडत होता. तेव्हापासून दिवाळीच्या सुमाराला सुरतेहून घारीचा डबा येतो. सारंगखेड्याच्या यात्रेत तर मी स्वतः हजर होतो. लाखालाखाचे घोडे नाचत होते आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून फोटोग्राफरांच्या गळ्यांकडे बघत होते. एकाच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाकाचा तेलकट ठसा दिसला (डावा डोळा खिडकीला लावला की नाक पडद्यावर टेकतं), तसे ते त्याला म्हणाले, "भाऊ, तुमी डावा डोयाघाई दखतस. जेवतसबी डाव्या हातघाई का?" तो माणूस घाईघाईने गर्दीत दिसेनासा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असा माणूस गेल्या वर्षी एका दुपारी मला म्हणाला, "जवाईबापू, हाऊ कॅमेरा तुमीच लई जा. मन्हा मन भरी गया." हा त्यांचा सर्वांत लाडका कॅमेरा, तीन वर्षं गळ्यातून न उतरलेला. त्यांनी कोणाला हातही लावू दिला नव्हता. मी खुशीत घेऊन आलो. मामी म्हणाल्याच होत्या, की हल्ली हे बशीत ओतायचा चहा बशीबाहेर ओततात. पण मामांचे फोटो आरशासारखे स्वच्छ यायचे, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. कॅमेरा आपला आपण फोकस करतो, फोटोवरून फोटो काढणाऱ्याचा डोळा कळत नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

घरी येऊन खिडकीला डोळा लावला. समोर माझी बायको होती, ती आहे एवढंच कळलं. चाक पाहिलं तर ते पार शेवटाला टेकलेलं. पुढे फिरायला जागाच नव्हती.

मी फोन लावला आणि त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "मामा, कॅमेरा चांगला शे, पण तुमना डोया दखाडी ल्या." ते म्हणाले, "तो मन्हा डोया नही. पहिला मालकना व्हई."

सात दिवसांचा नियम मला पाठ होता आणि मला तो पाठ आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी लोणखेड्याला गेलो तेव्हा ते नजर टाळून म्हणाले, "उशीर व्हई गया, आसं डॉक्टरनी सांगं तं? दखाडं नही तवलोंग दोन्ही डोया मन्हाच शेतस." साऱ्या मुलखाच्या डोळ्यांची उत्तरं हवी असलेल्या या माणसाला एवढं एकच उत्तर नको होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. मी त्यांच्या पायात चपला घातल्या आणि नंदुरबारला नेलं.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढता आला. डाव्याला खरोखरच उशीर झाला होता. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मामांनी मान हलवली आणि डॉक्टरांना त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारला.

दीड महिन्याने मी कॅमेरा परत नेऊन दिला. ओट्यावर बसून त्यांनी उजवा डोळा खिडकीला लावला आणि केळीच्या बागेकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"चाक कोनी फिरावं नही ना?"

"नही, मामा."

"इतला गयेल व्हता मन्हा डोया?"

मी हो म्हणालो. मी हात पुढे करून चाक फिरवायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "सात दिन आसाच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पहिला मालक चांगला मानूस व्हता."

आठव्या दिवशी मी मुद्दाम गेलो. मामा फोटो काढत होते, मामी वैतागून पदर सारखा करत होत्या. मी कॅमेरा मागून घेतला आणि डोळा लावला. बाग, मामी, तारेवरचे कपडे, सगळं मला लख्ख दिसलं. मला आनंद झाला, खूप झाला. तरी तो पहिला मालक मी त्या खिडकीत थोडा वेळ शोधत होतो.