ती रडत नव्हती

साथीच्या दिवसांत ज्या बाईचा फोटो देशभर झळकला, ती माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी एकाच सरकारी दवाखान्याच्या लाँड्रीत. मी आधी लागले, मग मुकादमाच्या विनवण्या करून तिलाही चिकटवली. आता लोक मला विचारतात, "तुम्ही त्या फोटोतल्या बाईंच्या कोण?" तिच्या कोण म्हणे! जिला मी हाताला धरून कामावर नेली, तिची मी शेपूट झाले.

बाई वाईट नाही, हेच माझं दुखणं आहे. वाईट असती तर कडाकडा भांडून मोकळी झाले असते. बोलणं कमी, हसणं जास्त. कुणी रागावलं तरी मान खाली घालून ऐकून घेणार, आणि मग रागावणाऱ्यालाच वाईट वाटणार. दीर तिच्या शब्दाबाहेर नाही. सासूबाईंना गुडघ्याला तेल चोळायला तीच लागते. माझा हात म्हणे खरखरीत. खरखरीत आहेच. वर्षानुवर्षं सोड्याच्या पाण्यात काय गुलाब फुलतात?

त्या हातांवरूनच तर सगळं रामायण झालं. रुग्णांच्या चादरी आधी मशीनमध्ये उकळतात, मग ड्रायरमधून निघतात, मग आमच्या टेबलावर घडीला येतात. एखादी चादर ओलसर राहिली तर अख्ख्या गठ्ठ्याला कुबट वास मारतो आणि वॉर्डातल्या सिस्टर तो तोंडावर परत फेकतात. आमच्या बधिर हातांना ती ओल कळत नाही. म्हणून मी चादर गालाला लावते. डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं, की गारवा लगेच कळतो. ही युक्ती माझी. धाकटीला मीच शिकवली, आणि तिच्याकडून बाकीच्या बायकांनी उचलली.

साथ शिगेला पोचली तेव्हा वॉर्डात कॅमेरेवाल्यांना सोडत नव्हते. त्यातला एक फिरत फिरत आमच्याकडे घुसला. मी ड्रायरमध्ये वाकून चादरी ओढत होते. धाकटी टेबलाशी उभी होती, मास्क हनुवटीवर, डोळे मिटलेले, गालाशी चादर, आणि घामाचा एक थेंब डोळ्याखालून ओघळलेला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर ती, आणि खाली ओळ: 'गेलेल्यांसाठी तिने अश्रू ढाळले.' फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं.

पोटात दुखलं. सरळ सांगते, जेवण गेलं नाही. सासूबाईंनी ते पान काचेत बसवून पुढच्या खोलीत लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणू लागल्या, "ही आमची सून." मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला काय भाड्याने आणली होती?

मग सरकारने तो फोटो उचलला. चौकाचौकात मोठे फलक लागले: 'देश रडतो, पण थांबत नाही.' एक मंत्री खास लाँड्री बघायला आले. ते येण्याआधी साबणाची रिकामी पिंपं मागच्या दाराने बाहेर काढली, कारण साबण केव्हाच संपला होता आणि आम्ही नुसत्या उकळत्या पाण्यावर भागवत होतो. पिंपांबरोबर मलाही बाजूला व्हायला सांगितलं, कॅमेऱ्यात गर्दी नको म्हणून. धाकटीने फुलांचा गुच्छ घेतला आणि हळूच म्हणाली, "साहेब, मी रडत नव्हते." मंत्र्यांचा माणूस तिच्या कानाशी लागला, "बाई, आता सगळ्या देशाने बघितलंय. रडत होतात तुम्ही."

महिनाभर तिची चंगळ होती. औषधांचा तुटवडा बाहेर पडला, तशी विरोधकांनीही तीच बाई उचलली. फोटो तोच, थेंब तोच, खाली ओळ नवी: 'यांनी हिला रडवलं.' झालं! आता सरकारच्या बाजूच्या चॅनलला ती डोळ्यांत खुपायला लागली. काल देवी म्हणून मिरवलेली बाई आज बुडवायची कशी? त्यांना मास्क दिसला. टीव्हीवर तिच्या हनुवटीभोवती लाल गोल फिरायला लागला आणि माणसं ओरडायला लागली: 'रुग्णांच्या चादरींना तोंड लावणारी हीच ती! साथ इथूनच पसरली का?'

तेव्हा माझ्या मनाचा एक कोपरा सुखावला. उगाच साळसूदपणा कशाला करू? पण पुढचं सुखावण्यासारखं नव्हतं. दुकानदार तिला दारातूनच परत पाठवायला लागला. दवाखान्याने चौकशी लावली. दिराचं काम साथीत बुडालेलं, पोरांची तोंडं तिच्या पगारावर. तो पगार गेला की घरातली अर्धी चूल विझणार होती.

सासूबाई मला म्हणाल्या, "तुला सगळं ठाऊक आहे. तू का बोलत नाहीस?"

"मला कोण विचारतंय, आई?"

आणि विचारायला आलेच. त्याच चॅनलची बातमीवाली दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती. मी मुकादमाला पाच मिनिटं मागितली, केस विंचरले, तोंड धुतलं आणि कॅमेऱ्यासमोर गेले. मी म्हणाले, "ती रडत नव्हती. ओल बघत होती. चादर उकळून धुतलेली होती, तिच्यातून काही पसरत नाही. मास्क क्षणभर खाली घ्यावा लागतो, नाहीतर गालाला कळत नाही. ही युक्ती माझी आहे, मीच तिला शिकवली. कुणाला दोष द्यायचा तर मला द्या." एका दमात बोलले. बातमीवाली म्हणाली, "छान बोललात, ताई."

संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर. माझा चेहरा आला. मी म्हणाले, "ती रडत नव्हती." आणि चेहरा गेला. खाली पट्टी धावायला लागली: 'सख्ख्या जावेनेच फोडलं बिंग! अश्रू नकली!' मी वाट बघत राहिले. पुढचं वाक्य आलंच नाही. सासूबाई उठून आत गेल्या. दीर माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, एवढं पोटात होतं तर घरात बोलायचं होतंत."

सकाळी मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचं दार गाठलं. "साहेब, माझं म्हणणं चौकशीत घ्या."

"तुमचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलंय, बाई."

"ते अर्धंच होतं."

"वरून फोन आलाय," ते म्हणाले. "इथे मला अर्धंच पुरतं." त्याच दुपारी धाकटीला कामावरून काढलं, आणि टेबलावरची तिची जागा मुकादमाने मला दिली.

घरी आले तर ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी दाराशी उभी राहिले. म्हणाले, "मी सगळं सांगितलं होतं गं. माझ्या पोरांची शपथ."

"शपथ कशाला घेता, ताई? सांगितलंच असणार तुम्ही. त्यांनी कापलं, ते कळतं मला."

"मग कालपासून माझ्याशी बोलत का नाहीस?"

तिने नळ बंद केला. "ते वाक्य म्हणताना तुम्ही हसलात. ते काही त्यांनी जोडलेलं नव्हतं."

"काहीतरीच! मी कशाला हसेन?" ती पुन्हा भांड्यांकडे वळली. मी तणतणत बाहेर आले. टीव्हीवर तेच चालू होतं, दर थोड्या वेळाने दाखवत होते. मी अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले. माझा चेहरा आला. हसत होते मी. चांगली दिसत होते. पुन्हा कधी दाखवतील म्हणून मी तिथेच थांबले.