ठमीचा नाका आणि पाच दिवसांचा मुक्काम

चैत्रात मोहाची फुलं गळायला लागली की चांद्यात माझा पाय ठरत नाही. भामरागडला जायचं ठरवलं होतं, तेवढ्यात ताईला दुसरं बाळ झाल्याचं कळलं. आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा हातात दिला. "वाटेतच तर आहे. देऊन पुढं जा."

आष्टीसमोरच्या काठापर्यंत मोटार. खिडकीपाशी बसाल तर लाल धूळ खाल, तेव्हा मधे बसा. वैनगंगा डोंग्यानं ओलांडली. पलीकडं मुलचेऱ्याकडं जाणारी बैलगाडी मिळाली. गाडीवान वाटेत टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, पाडायला थांबला, मीही उतरलो, म्हणून पोचायला दुपार टळली.

ताई आतल्या खोलीत. सात दिवस बाळंतिणीला शिवायचं नाही, अशी तिथली रीत. भाऊजी बांबूच्या तोडीवर गेलेले. अंगणात चार वर्षांची ठमी भाताच्या थाळीकडं पाठ करून बसली होती.

"माय भरवल तवा खाईन."

"दोन दिस झाले, पाण्यावर हाय पोट्टी," ताईची सासू म्हणाली. "मी मारलं, गोंजारलं. ऐकतच नाई."

दाराआडून ताईचा आवाज आला, "दादू, तू तरी पाह्य ना रे." भामरागड राहिलं बाजूला.

संध्याकाळी मीठ आणायला निघालो, ठमीला सोबत घेतलं. ती पुढं पळाली, काठी आडवी धरून म्हणाली, "थांब! पास दाखव."

जंगलातून माल न्यायचा तर नाक्यावर पास लागतो, हे तिथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं. मी पळसाचं पान दिलं. तिनं ते उलटंपालटं केलं. "जुना हाय. दुसरा आण."

दुसऱ्या दिवशी पाण्याला, मासोळ्यांना, पोह्यांसाठी धान कुटायला, जिथं गेलो तिथं नाका. मी पोत्यात फुटाणे ठेवून पाहिले. "यात काय हाय?" "माल." "जा." खाल्ला एकही नाही. ताई दर खेपेला दाराआडून विचारायची, "खाल्लं का?"

तिसऱ्या सकाळी मला वाटलं, काठीचा नाका कसला, खरा आडवा बांबू पाहिजे. बोडीजवळच्या, म्हणजे गावतळ्याजवळच्या, बांबूच्या बेटातला एक हिरवागार तोडला आणि दोन दगडांवर ठेवला. तेवढ्यात सायकलवरून खाकीतला खरा नाकेदार आला.

"हिरवा बांबू कोणं तोडला?"

"मी."

"कोण्या गावचा?"

"चांद्याचा."

"तरीच! इथलं लेकरूबी वाळला पाहून उचलते."

माझं तोंड उतरलं. ठमी मात्र पुढं झाली. "ओ भाऊ, पास दाखव!"

नाकेदारानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी हळूच सांगितलं, चार दिवस जेवली नाही. तो सायकलवरून उतरला.

"पास तं घरीच राह्यला, बाई."

"मंग माल दाखव."

त्यानं कॅरिअरचा डबा सोडला. भात, सुक्या मासोळ्या, जवसाची चटणी. ठमीला म्हणाला, "पाहून नाई चालत, साहेब. चाखून पास करा लागते. कायदाच हाय तसा."

ठमीनं एक मासोळी तोंडात टाकली. विचार केला. मग भाताचा घास. "खारट हाय," म्हणाली आणि बांबूवर बसून डबा मांडीवर घेतला. तळाची चटणीसुद्धा तिनं बोटानं पुसून घेतली.

रिकामा डबा आणि जप्त केलेला बांबू सायकलला बांधून नाकेदार निघाला. "आज माहं जेवण तुयाकडं बाकी राह्यलं, चांदेवाल्या!" मी डिंकाचे दोन लाडू त्याच्या हातावर ठेवले.

घरी दाराआडून तोच प्रश्न आला. "खाल्लं," म्हटलं.

पुढं ठमी घरातली प्रत्येक थाळी चाखून पास करू लागली. माझ्या मुक्कामाच्या पाचव्या दिवशी ताई न्हाऊन बाहेर आली, तिला जवळ घेतलं आणि घास पुढं केला. ठमी म्हणाली, "थांब, मी पाहते," आणि थाळी आपल्याकडं ओढली. ताईचे डोळे भरले.

"आता काऊन रडतेस?" सासू म्हणाली. "खाते ना पोट्टी!"

तुम्ही गेलात तर चैत्रातच जा. पावसाळ्यात वाटा बंद होतात. मला विचाराल तर मी पाहिलं काय, एक बोडी आणि दुकानाची पायवाट. तरी इतकं लांब मी कधी गेलो नव्हतो.

परवा ताईचं कार्ड आलं. ठमी आता गावात कोणाच्याही चुलीपाशी जाते, माल तपासते आणि जेवून येते. कसं आवरू ते कळव, असं लिहिलंय.