घाटातला हॉर्न

दरवर्षी मी कॉलेजात परदेशातल्या मध्ययुगातली एक खिंडीतली लढाई शिकवतो. फ्रँकांचा राजा फौज घेऊन डोंगर उतरून पुढे गेला, सामान सांभाळत पिछाडी मागे राहिली आणि तिथल्याच डोंगरातल्या बास्क लोकांनी वरून झडप घालून ती अख्खी कापून काढली. पिछाडीच्या सरदारानं शिंग फुंकलं, पण फार उशिरा, असं लोक सांगत आले. यंदा एका पोरीनं विचारलं, "सर, राजाले ऐकू नाई आलं का?" खडू ठेवला अन् वर्गाबाहेर आलो.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाचं लग्न धारणीला लागलं. अमरावतीला परत निघताना नवरानवरीची जीप पुढे, पाहुणे मधे, अन् सगळ्यांत मागे रुखवतानं भरलेली आमची. नवरदेवाच्या बापानं वऱ्हाड उतरलं तो जानोसा नीट पाहून, काही राहिलं नाही ना बघून, शेवटी निघायचं, ही आमच्याकडची रीत. बाबांना म्हटलं, तुमचा जीव आधीच घाबरतो, पुढच्या जीपमध्ये बसा. ऐकतील तर ते बाबा कसले!

घाट उतरताना आमच्या जीपचा एक्सल तुटला. तिथंच बाबांच्या छातीत कळ आली, सदरा घामानं चिंब झाला. मेळघाटात मोबाइलला रेंज कुठून येणार? रस्त्यावर दुसरी गाडी नाही. खालच्या वळणावर मात्र आपल्याच जीपा दिसत होत्या. मी हॉर्न दाबून धरला.

खालून लगेच हॉर्न आला. आधी एका जीपचा, मग सगळ्यांचा, ताल धरून. वरातीत हॉर्नला हॉर्न द्यायचा, हे आमच्या इथं शेंबड्या पोरालाही कळतं. मी आणखी जोरात दाबला, त्यांनी आणखी वाजवले. मी शिव्या देत होतो, रडत होतो. एकेक जीप वळणाआड गेली.

बाबांनी माझं मनगट धरलं. "नोको वाजवू आता. खुशीत हायेत पोरं."

मी वाजवतच राहिलो.

परतवाड्याला चहाला थांबल्यावर त्यांना आम्ही मागे नसल्याचं कळलं. ते परत आले तेव्हा बाबा माझ्या मांडीवर गार पडले होते. धाकटा मुंडावळ्यांसकट धावत आला, बाबांचे पाय धरून बसला. म्हणाला, "दादा, आमी तं तुमाले जवाब देऊन राहिलो होतो."

त्या पोरीनं विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी परत वर्गात गेलो. तिला म्हटलं, आलं होतं बाई, राजाला ऐकू आलं होतं.