केरातली तोफ

कित्येक वर्षं माझ्या पोटात एक तोफ आहे. हसू नका. नखाएवढी आहे, प्लास्टिकची. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, लेकीला नाही, देवाला नाही. देवाला तर उलट खोटंच सांगितलं — तेही देवळात उभी राहून. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी चौथी शिकलेली बाई, मला फिरवून लिहिता येत नाही. तरी बघा, फिरवतेच आहे.

आधी बोटीचं सांगते. ते सोपं आहे, आणि आनंदाचं आहे.

आमचे यजमान बोटीवर खलाशी. जन्म सगळा पाण्यावर गेला. ते कायमचे घरी आले ती वर्षं ऐंशी सालानंतरची, आमच्या वाडीत पहिला टीव्ही आला तेव्हाची. सगळी वाडी टीव्ही बघायला जायची आणि आम्ही तिघं म्हातारी पडवीत बसून लढाऊ जहाज बांधायचो. तिघं म्हणजे हे, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आलेली, तेव्हापासून आमच्यातच.

जहाज खोक्यातलं. जपानच्या कुठल्याशा बंदरात यांनी घेतलेलं, एका फेरीत. पुढे एका सुट्टीत निम्मं जोडलं आणि ते तसंच राहिलं. का राहिलं ते सांगते, थांबा. बारा-तेरा वर्षं ते खोकं माळ्यावर होतं. एक दिवस यांनी ते खाली काढलं, वरची धूळ फुंकली आणि म्हणाले, “आता मला कुठे जायचं नाय. हिला तरी पाण्यात घालूया.”

किती मजा आली म्हणून सांगू? सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले. फणसाचे गरे सुटे करावेत तसे एकेक सुटे करायचे. मी नेलकटरने तोडायची. डिंकाची नळी सुकून दगड झाली होती, मुंबईहून नवी मागवली. तिच्या वासाने डोकं गरगरायचं, म्हणून वन्सं मधेमधे लिंबाचं पान चुरगळून आमच्या नाकाला लावायच्या. बरोबर एक कागद होता, त्यात काय कुठे लावायचं ते लिहिलेलं. सगळं जपानी. हे कागद उलटा-सुलटा करायला लागले तेव्हा मी म्हटलं, “द्या इकडे. मला इंग्रजी येत नाय, तुम्हाला जपानी येत नाय. आता आपण सारखेच अडाणी.” हे एवढे हसले की चष्मा खाली पडला. पण कागदावर आकडे होते, आणि आकडे मला येतात. मी आकडा सांगायची, वन्सं ताटातून भाग शोधायच्या, हे लावायचे. यांची नजर अधू झालेली. बारीक कठडे आणि शिड्या शेवटी मीच बसवल्या. आयुष्यभर कोळंबीचे धागे काढलेला हात माझा, त्याला शिडीचं काय?

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एवढे दिवस शेजारी बसून आम्ही कधी काही केलं नव्हतं. सुट्टीला आलेला माणूस पाहुणाच असतो.

आता — पहिल्या वेळचं. जहाज निम्म्यावर का राहिलं ते.

त्या सुट्टीत हे आले ते दुसऱ्या दिवसापासून ते खोकं घेऊन बसले. सकाळी बोट, दुपारी बोट. बोटीवरून आलेला माणूस पुन्हा बोटीवरच गेला. माझ्याशी बोलायचं ते “चहा” आणि “दिवा जरा इकडे”. एका सकाळी मी पडवी पुसत होते. पाटावर पुढची तोफ होती, सगळ्यात मोठी, आदल्या दिवशी जोडलेली. मी ती उचलली आणि कनवटीला लावली. मनात होतं की जरा शोधू दे, जरा मला विचारू दे. संध्याकाळी परत ठेवीन.

विचारलं नाही. पडवी वन्सं झाडायच्या, म्हणून वन्संना विचारलं. विचारलं कसलं — बोलले. पाट उलटे झाले, चटया झटकल्या, वन्सं गुडघ्यांवर बसून फटीफटीत बोट घालत होत्या, आणि हे वर उभे राहून म्हणाले, “केरात गेली. कधी कशाला यश आलंय तुझ्या हाताला?”

विधवा बाईला हे बोलले. मी दारात होते. तोफ माझ्या कमरेला टोचत होती. काढली असती तर ते वाक्य वळून माझ्याकडे आलं असतं. मी काढली नाही.

तुम्ही म्हणाल, प्लास्टिकच्या तुकड्यासाठी एवढं? पण खलाशाचं मन वेगळं असतं. घरात अर्धी बोट टाकून खऱ्या बोटीवर चढायचं म्हणजे अपशकुन, असं यांच्या डोक्यात बसलेलं. आणि जायचे दिवस जवळ आले होते. म्हणून यांनी गुरवाला सांगून देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे वस्तू हरवली की घालतात. पण तोफेचं गाऱ्हाणं त्या देवाने पहिल्यांदाच ऐकलं असेल. गुरव मोठ्याने म्हणाला, “बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराची बोटीवरची तोफ गेलीय, ती जिथे असेल तिथून हजर कर, रे महाराजा!” आणि आम्ही सगळे म्हणालो, “व्हय महाराजा!”

मीही म्हणाले. चांगलं मोठ्याने.

मग देवाला फुलं चिकटवून कौल लावला, वस्तू घरात आहे का म्हणून. देवाने उजवा दिला — म्हणजे हो, घरातच आहे. देव खोटं बोलला नाही. यांनी वन्संकडे बघितलं. वन्संनी मान खाली घातली.

हे बोटीवर गेले. दुसऱ्या दिवसापासून वन्सं केर काढला की सुपात घ्यायच्या आणि तांदूळ पाखडावा तसा केर पाखडायच्या. रोज. पावसात, तापात, सणाच्या दिवशीही. वारा वाढला, समुद्राचा आवाज घरापर्यंत आला की त्यांचे ओठ हलायला लागायचे. भावाला काही झालं तर ते आपल्या केरसुणीमुळे, अशी त्यांनी मनाशी गाठ मारून घेतली होती. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं नाही.

मग मी दुसऱ्याच दिवशी ती तोफ केरात का नाही टाकली? एवढं सोपं होतं.

इथेच मी फिरत होते इतका वेळ. भीती पहिल्या दिवशी होती, हे खरं. पण भीती किती दिवस टिकते? खरं हे आहे की त्या दिवसापर्यंत आमच्या घरात वन्संचं राज्य होतं. भात किती शिजवायचा, मासा कुठला घ्यायचा, पाहुण्याला काय वाढायचं, सगळं त्या ठरवायच्या. मी सून म्हणून आले ती त्यांच्या हाताखालीच राहिले. त्या दिवसानंतर त्यांचा आवाज बसला. “वैनी, तुम्हीच बघा,” म्हणायला लागल्या. डब्यांची झाकणं मी उघडायला लागले. आणि मला ते आवडलं. फार आवडलं. नखाएवढ्या तोफेने मी अख्खं स्वयंपाकघर जिंकलं.

तोफ मी कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती, लाल पिंजरीच्या खाली. घरात कुंकू लावणारी मी एकटीच, दुसरं कोण त्यात बोट घालणार? रोज सकाळी लावताना बोटाला लागायची.

तर आता पुन्हा त्या आनंदाच्या दिवसांत या. जहाज होत आलं. धुरांडं झालं, डोलकाठी झाली, मागच्या तोफा बसल्या. पुढे एक गोल भोक तेवढं राहिलं. हे त्याबद्दल काही बोलायचे नाहीत. वन्सं ते भोक दिसलं की उठून आत जायच्या. एका सकाळी त्यांच्या आधी मी उठले, करंडा उघडला, तोफ पदराला पुसली आणि पडवीच्या कोपऱ्यात रात्रीत उडून आलेला पाचोळा होता त्यात टाकली. मग चुलीशी जाऊन बसले.

केरसुणी वाजली. सूप वाजलं. मग काहीच वाजेना. आणि मग अशी किंकाळी की शेजारचा कुत्रा पळाला — “दादाऽऽ! गावली! गावली रे!”

साठीला आलेली बाई सूप डोक्यावर धरून अंगणात नाचली. केर सगळा अंगावर. हे धोतर सावरत आले, तोफ हातात घेतली. मग वन्संच्या डोक्यातला पाचोळा काढत म्हणाले, “तुझ्याच हाताला यश, गो बाय.” वन्सं रडल्या, आणि लगेच हसत मला ओरडल्या, “वैनी, बघताय काय? गूळ आणा! नारळ फोडा!” कितीतरी वर्षांनी त्यांनी मला हुकूम सोडला. मी पळत गेले. एवढ्या आनंदाने मी कोणाचं ऐकलं नसेल.

देवळात नारळ दिला. गुरव म्हणाला, “बा महाराजा, तुझ्या लेकीने इमानाने शोधून काढलं, तिला असंच यश दे, रे महाराजा!” “व्हय महाराजा!” दुसऱ्यांदा. नारळी पौर्णिमेला घंगाळात पाणी भरून जहाज सोडलं. ते एका बाजूला कललं, तर वन्संनी त्याच्या पोटात चिमूटभर तांदूळ टाकले, आणि सरळ झालं! वाडीतली माणसं टीव्ही सोडून बघायला आली. वन्सं प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होत्या. तोपर्यंत त्या गोष्टीत केर वाढला होता, तोफ लहान झाली होती.

ती गोष्ट त्या मरेपर्यंत सांगत होत्या. त्यांच्या दहाव्याला आलेल्या बायकासुद्धा तीच सांगत होत्या, हसत होत्या. मी मान डोलावत होते.

एक राहिलं. तोफ बसवायच्या आधी यांनी ती अंगठ्याने घासली, तर अंगठा लाल झाला. यांनी अंगठा बघितला. मग माझ्याकडे बघितलं, जरा वरती, कपाळाकडे. म्हणाले, “जांभ्याची धूळ. आपल्याकडे काय, सगळंच लाल.” वरून राखाडी रंग दिला, पण बुडाशी दिला नाही.

हेही गेले. करंडा मी धुऊन पालथा घातला आहे. जहाज कपाटात आहे, तोफ दाराकडे तोंड करून. खालून बघितलं की अजून लाल दिसते. येणारे-जाणारे म्हणतात, कोकणची माती. माती नाही. कुंकू आहे.